मॉनिकाने भावाला लाल कार्ड दाखवलं

मॉनिका बोरिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायची आणि रविवारी फुटबॉलच्या मॅचना रेफ्री म्हणून उभी राहायची. दोन्हीकडे पोरं तिला टरकून असायची. आपण कुणाला आवडावं म्हणून तिने कधी धडपडही केली नाही. "बाई, घरी जाऊन भाकऱ्या थाप," ही आरोळी तर तिच्या प्रत्येक मॅचला ठरलेलीच.

त्या वर्षी स्पर्धेच्या फायनलला तिच्याच गावठाणाची टीम होती, आणि कॅप्टन तिचा धाकटा भाऊ कार्ल. नेमलेला रेफ्री ऐनवेळी आजारी पडला. दुसरं कुणी मिळेना. समोरची मालाडची टीम कुरकुरत का होईना, मॉनिकाला तयार झाली. गावठाणाच्या क्लबचे एडवर्ड अंकल मात्र खूश होते. "आपलीच पोर आहे, घ्या तिला," असं म्हणून त्यांनी डोळा मारला. मॉनिकाच्या डोक्यात सणकच गेली.

बरोबरीत खेळ संपत आला होता. मालाडच्या पोराने मारलेला बॉल गोलात शिरणार, एवढ्यात रेषेवर उभ्या कार्लने तो सरळ हाताने अडवला. मॉनिकाने शिट्टी मारली. पेनल्टी दिली आणि खिशातून लाल कार्ड काढलं.

कार्ल अंगावर धावून आला. "दिसलं तरी गप्प बसायचं ना गं! घरात राहायचंय की नाही तुला?"

"मैदानाबाहेर हो," ती म्हणाली.

पेनल्टीवर गोल झाला, गावठाण हरलं. बाहेर पडताना कुणीतरी तिच्यावर थुंकलं. तिने वळून पाहिलं. तिच्याच हाताखाली शिकलेला निहार होता. त्याने नजरसुद्धा खाली केली नाही.

संध्याकाळी अंकल घरी आले. "चर्चमध्ये मिसानंतर सगळ्यांसमोर सांग, बघण्यात चूक झाली. विषय संपेल."

"हात लागला होता. तुम्हीही बघितलंत."

"सांगून टाक ना गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "एक वाक्य तर आहे."

ते मॉनिकाला थुंकीपेक्षा जास्त लागलं. ती नाही म्हणाली ती म्हणालीच.

कार्लच्या लग्नात बाया वाजतगाजत विहिरीवर नवऱ्याच्या आंघोळीचं उंबराचं पाणी आणायला निघाल्या, तेव्हा मावशीने तिच्या हातातली कळशी काढून घेतली. "तू नको." कार्ल तिथेच उभा होता. आईसुद्धा. त्याच आठवड्यात मॉनिकाने कांदिवलीला भाड्याची खोली घेतली.

पुढच्या वर्षी क्लबने, मॉनिकाला एकही मॅच देऊ नका, असं फुटबॉल संघटनेला कळवलं. ऑफिसातले शिवदास समजावू लागले, "टीचर, कशाला वाकड्यात शिरता?"

"माझं नाव काढा. पण कारण काय देणार, तेवढं सांगा."

त्यांना कारण सापडेना. तिला सेमीफायनल मिळाली. दोन्ही टीम बाहेरच्या होत्या, तरी गावठाण शेवटपर्यंत तिची हुर्यो उडवत राहिलं. तिने मॅच संपवूनच मैदान सोडलं.

फाटकाशी एडवर्ड अंकल आडवे आले. "पुरे झालं आता. घरी चल, जेवून जा."

"आई बोलावेल तेव्हा येईन."

आईने अजून बोलावलेलं नाही.