गोठ्याशेजारचा पाहुणा

भावकू आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. गुंजी स्टेशनावर गाडी चुकलेला माणूस दिसला, की हाताला धरून घरी आणायचे आणि जेवू घातल्याशिवाय सोडायचे नाहीत. नावगाव विचारायचं ते ताटावर बसल्यावर! माझं डोकंच फिरायचं. भाकऱ्या थापायच्या मी आणि आईनं, आणि गाव वाहवा करणार आप्पांची.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलात असाच कुणीतरी जेवून गेला आणि मागोमाग कोरोना घरात शिरला. आम्ही तापावर निभावलो. थोरल्या आईला, म्हणजे आप्पांच्या बायकोला, बेळगावात ऑक्सिजन लावावा लागला. घरी आली ती पार वाळून. न्हाणीतनं सोप्यात येताना मध्ये एकदा टेकायची. "ह्यांना परत लागण होता कामा नये," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून आप्पांनी स्टेशनाची वाटच सोडली.

आणि जूनअखेर पुण्याहून त्यांच्या दिपालीचा फोन! "आप्पा, पोरीला घेऊन येते. आईला बघायचंय." लॉकडाऊनमुळं बाळंतपण तिकडंच झालेलं. नात रांगायला लागली तरी कुणी हातात घेतली नव्हती. काय सांगू, घरात दिवाळीच! आईनं लाडवांसाठी शेंगदाणे भाजायला घेतले. थोरली आई फोनवर "ये गं बाय" एवढंच म्हणाली आणि तिला दम लागला.

ते बघून आप्पा उठले. "दोन संसार, चूल एक, न्हाणी एक. येऊ दे, पर ह्या घरात न्हाय." गोठ्याशेजारची बियाण्याची खोली त्यांनी रिकामी केली, चुना मारला, बुजवलेली खिडकी फोडून उघडली. वेगळी भांडी, वेगळी न्हाणी, दारात बादली आणि साबण. अंगणात मधोमध चुन्याची रेघ.

"रिपोर्ट निगेटिव्ह असल्याशिवाय बॉर्डरवर सोडतच नाहीत, आप्पा," मी म्हणाले.

"रिपोर्ट निघाल्यावर वाटंत काय लागलं, ते त्यात दिसतंय व्हय?"

थोरली आई फणकारली, "माझी लेक गोठ्याजवळ ऱ्हाणार?" आणि खोकत बसली. आप्पा खिडकीला कडी बसवत राहिले.

गाडी यायच्या दिवशी ते दोन्ही हातात दुधाच्या भरलेल्या किटल्या घेऊन अंगणात उभे! "हात मोकळं असलं तर माझा मलाच भरवसा न्हाय, ऋतिका."

दिपाली उतरली, रेघेवर थांबली. थोरल्या आईनं सोप्यातनंच भाकरतुकडा ओवाळला, आईनं तो बाहेर नेऊन टाकला. सगळ्या रडत होतो आणि हसतही होतो. तेवढ्यात पोरीनं आप्पांकडं बघून दोन्ही हात पसरले. झालं! किटल्या धाडकन खाली, दूध अंगणभर, मास्क हनुवटीखाली, आणि आप्पा रेघेपलीकडं पोरीचे पटापट मुके घेतायत!

"आप्पा! रेघ कुणी मारली ही?" मी किंचाळले.

त्यांनी पोरीला परत दिपालीकडं दिलं. मग म्हणाले, "संपलं. आता मी बी पाहुणाच." आणि गोठ्याच्या पडवीत जाऊन बसले.

दोनच दिवसांत दिपालीनं पिकलेला फणस नाकाला लावला. "ह्याला वास कसा न्हाय गं?" ती पॉझिटिव्ह निघाली, पाठोपाठ आप्पाही. पोरगी मात्र खेळत होती. मी थोरल्या आईच्या बोटाला सारखं ते ऑक्सिमीटर लावायची आणि आकडा दिसेपर्यंत माझाच श्वास अडकायचा. पण रेघेच्या अलीकडं कुणाला साधी शिंकही आली नाही!

थोरल्या आईला तर चेवच चढला. सोप्यातनं ओरडायची, "पाहुणं, लाजू नकासा! आजून अर्धी घ्या!" तिकडं आप्पा कण्हत कण्हत घास गिळायचे.

डॉक्टरांनी मोकळीक दिली, तशी दिपाली न्हाऊन घरात आली आणि पोरीला थेट आजीच्या मांडीवर ठेवलं. सगळा कल्ला! आप्पांचा मात्र पत्ता नाही. त्यांना झापायलाच म्हणून मी पडवीत गेले.

"डॉक्टर बरं म्हणाले की! आता कुणाच्या आमंत्रणाची वाट बघताय?"

"आजून चार दिस जाऊ दे, पोरी." ते म्हणाले. "त्या टायमाला दुखणं मीच घरात आणलतं. तुझी थोरली आई मरत हुती माझ्यापायी."

थोरली आई सोप्यातनं ऐकत होती. ती उठली, नातीला काखेत घेतलं आणि अंगण ओलांडून आली.

"माणसं आणलासा, दुखणं न्हाय," ती म्हणाली. "आणि ही काय एकटीनं सांभाळायची व्हय मी? धरा हिला."

आप्पांनी हंबरडाच फोडला. पोरगी त्यांच्या मिशा ओढत होती, आणि थोरली आई तिथंच पडवीत त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली.