सेन्सरची आरती

चहा आधी खाली ठेवा, न्हाई तर अंगावर सांडंल. दसऱ्याला मी माझ्या नोकरीची कशी पूजा घातली, ते सांगतो.

मी जालन्यात एका रोलिंग मिलमधी सेन्सर बघतो. लालभडक सळई पळत येती, सेन्सरला दिसती, अन् पुढची कात्री तिला खटकन तोडती. सेन्सरात असतो नखाएवढा सेमीकंडक्टरचा तुकडा. तापलेल्या लोखंडातून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश निघतो, त्याचा एकेक कण तुकड्यातल्या इलेक्ट्रॉनला ढुसणी देतो. झाला करंट सुरू, अन् सेन्सरवरचा बारका दिवा लागतो!

हे मी दगडूमामा मिस्त्रीला समजावलं. मामा म्हणले, "म्हंजी डोळा हाय त्याला?"

आता असा प्रश्न आल्यावर माझं तोंड गप बसतंय का?

"तिसरा डोळा, मामा. आरती केली की दिवा लागतो."

दसऱ्याला मिल बंद, मशिनीची पूजा. त्याच दिवशी शेठ मला पर्मनंट करणार होते. सेन्सरचा दिवा लागावा अन् मामानं तोंडाचा आ करावा, म्हणून मी गुपचूप सप्लाय चालू ठेवला. कात्रीचाबी तोच सप्लाय, हे ध्यानातच न्हाई! इंजिनीअर ना मी?

शेठनं कात्रीच्या तोंडात नारळ ठेवला. मामानं कापराचं ताट सेन्सरपुढं फिरवलं.

दिवा लागला.

खटॅक!

नारळाच्या दोन बराबर वाट्या. शेठचा हात तिथून वीतभरच लांब. माझा जीव त्याच्याहून लांब, बदनापूरला मायजवळ गेल्ता.

मामानं तर लोटांगणच घातलं. "पावला रे पावला!"

मी सगळं कबूल केलं. "शेठ, चमत्कार न्हाई हो. कापराच्या आगीतबी इन्फ्रारेड असतं. सप्लाय मीच चालू ठेवल्ता. चुकलो."

शेठनं खांद्यावर हात ठेवला. "पोरा, देवाच्या कामाचं क्रेडिट माणसानं घेऊ नये."

"अहो पण इलेक्ट्रॉन..."

"चप्पल काढ आधी."

पर्मनंट झालो, बरं का! पण सेन्सरवर न्हाई, सेन्सरच्या आरतीवर. रोज आंघोळ करून, पंचा नेसून.

सेन्सर बघायला शेठनं दुसरा इंजिनीअर आणला. आल्या आल्या तो माझ्या पाया पडला. मी त्याला इन्फ्रारेड समजवायला लागलो, तर हात जोडून म्हणला,

"ते मला येतं, महाराज. तुम्ही फकस्त आरतीची वेळ सांगा."