एक ऱ्यो म्हणजे किती?

ती केस विसरायची म्हटली तरी विसरत नाही.

कॅनडात कोक्विटलामला पोलिसात होतो. एका जपानी म्हाताऱ्याच्या घरातलं पिढीजात सोन्याचं नाणं गेलं. त्याची बायको नुकतीच वारलेली. तक्रार मुलाने दिली. पाठोपाठ टिप आली, म्हाताऱ्याची देखभाल करणारी बाई सोनं विकताना दिसली. बाई निघाली नागपूरकडची.

खोलीत बसवून तिला तिचे हक्क सांगितले. मराठी ऐकून ती उलट भडकली.

"माझ्या आईच्या बांगड्या होत्या त्या! खोटं काहून बोलू जी? पावती पाहा."

"पाहतो. घरात हात कुठं कुठं लावता?"

"सगळीकडं. फक्त तांदळाचा डबा नाही. आजी गेल्यापासून बाबा तो उघडूच देत नाहीत. ब्रेड खाऊन राहिले."

पावती खरी निघाली. पण नाणं सापडेना. चोरीचा ठपका राहिला असता तर बाईला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

म्हाताऱ्याला विचारलं, नाणं कसलं?

"एक ऱ्यो," तो म्हणाला. "ते आधी वजनाचं नाव. चीनकडून आलेलं. सोनं तोलायचे. पुढे तेवढ्या मोलाचं नाणं झालं. एका ऱ्योत साधारण एक माणूस वर्षभर खाईल एवढा तांदूळ यायचा. बायको ते हातात धरून म्हणायची, बघ, माणसाचं अख्खं वर्ष."

मी गारच पडलो. तळहातावर मावणारं सोन्याचं नाणं, आणि त्यात माणसाचं वर्षभराचं जेवण!

आणि एकदम आमची ही आठवली. पाटल्या तांदळात ठेवायची. बँकेच्या लॉकरवर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

"डबा उघडू?"

म्हाताऱ्याने मान फिरवली. नको म्हणाला नाही. मी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी रुमालात गुंडाळलेलं नाणं लागलं. म्हाताऱ्याने त्याकडे पाहिलंही नाही. तांदळात हात बुडवून तो तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर गेली. तो तिला एवढंच म्हणाला, "आज भात लाव."

माझं शिक्षण बेताचं. पण हे त्या घरात शिकलो: वस्तू गेली की चोर नंतर शोधा. आधी ती जपणारं माणूस कसं होतं ते विचारा.

गेल्या हिवाळ्यात आमची ही गेली. तिचा डबा उघडायला मलाही धीर झाला नाही. उघडला तेव्हा पाटल्या नव्हत्या, त्या लेकीला आधीच दिलेल्या. तांदळावर फक्त तिचं मापाचं भांडं. रोज मी दोन मापं काढतो आणि एक परत डब्यात ओततो.