आईची ओळ

आई जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. माझ्या प्रबंधाला जोडलेल्या ध्वनिमुद्रणात तिचा आवाज आहे. घरी मी ते लावत नाही.

माझा विषय मोटेट, म्हणजे चारपाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये गायली जाणारी लॅटिन रचना. तिच्यात चार आवाज चार वेगळ्या ओळी गातात आणि कुणीच कुणाच्या साथीला नसतं. साध्या प्रार्थनागीताहून ती इथेच वेगळी होते, असं माझं म्हणणं. विद्यापीठातल्या चर्चासत्राआधी मार्गदर्शक म्हणाले, "रेकॉर्ड लावू नका, माणसं उभी करा. नाहीतर हे सगळं कागदावरच राहील."

सुरतेत माणसं कुठून आणणार? भेस्तानच्या आमच्या गल्लीत हळदीला गाणाऱ्या बायका होत्या. आई, शेजारची काकू, माझी बहीण आणि खालच्या आवाजाला मी, असे चौघं ठरलो. लॅटिन शब्द मी देवनागरीत लिहून दिले. साड्यांना लेस लावता लावता तिघींनी आपापली ओळ पाठ केली.

एकत्र गायला बसलो की मात्र चाराचे तीन आवाज होत. आमच्या खानदेशी हळदीत एखादीचा सूर डळमळला तर शेजारणीनं लगेच तिच्या सुरात मिसळायचं, तिला उघडं पडू द्यायचं नाही, अशी रीत आहे. काकू अडखळली की आई स्वतःची ओळ सोडून तिच्याकडे धावे.

"आई, तू तुझं गा."

"अन् ती बुडाली तर?"

"बुडू दे."

"वा रे शिकेल-सवरेल माणूस," काकू म्हणाली.

चर्चासत्राच्या दिवशी सभागृहात पहिल्या दोन रांगा प्राध्यापकांच्या होत्या आणि ध्वनिमुद्रण चालू होतं. सुरुवात छान झाली. मग मध्यावर काकूचा सूर घसरला. आईची मान तिच्याकडे वळली आणि मला वाटलं, संपलं. पण आईनं पदर मुठीत धरला आणि आपलीच ओळ पुढे नेली. काकू क्षणभर गप्प झाली. मग तिला स्वतःची जागा सापडली. शेवटचा स्वर चौघांनी आपापल्या ठिकाणी लावला आणि एकदम सोडला. मार्गदर्शकांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही, आईकडेच पाहत होतो.

परतताना रिक्षात आई चुरगळलेला पदर सरळ करत होती. उधना स्टेशन मागे पडल्यावर काकूला म्हणाली, "तुले एकटी सोडलं वं मी."

"सोडलं म्हणून तर माझ्या रस्त्यानं आले. तू आली असती तर दोघी खड्ड्यात, अन् हा डॉक्टर वरून पाहत बसता."

तेव्हा कुठे आई हसली.

आता मी शिकवतो. मोटेट म्हणजे काय, असं मुलं विचारतात तेव्हा तेच ध्वनिमुद्रण लावतो. काकू गप्प होते तिथे आईचा आवाज किंचित कापतो, पण ओळ सुटत नाही. मुलांना सांगतो, हा वरचा आवाज ऐका. ही माझी आई.