तीन बसचं बीज

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईला बस डेपोत सगळे ‘फूटपट्टी’ म्हणतात. चपलासुद्धा ती दाराशी एका रेषेत काढते, आणि आमच्या वाकड्या चपलांकडे अशी बघते की आम्हीच ताठ उभे राहतो. बेचाळीस ड्रायव्हरांना महिन्याच्या ड्युट्या वाटायचं काम तिचं. त्या बेचाळिसांत एक तिचा नवरा. त्याला म्हणतात हॉर्न. का, ते त्याच्या घोरण्यानं हादरणाऱ्या आमच्या छताला विचारा.

वशिल्याची कुजबुज नको म्हणून तिनं वाटप कॉम्प्युटरवर टाकलं, एका फंक्शनल भाषेत, म्हणजे तेच दिलं की तेच उत्तर देणाऱ्या. भाषा तिच्यासारखीच, मनात काही ठेवत नाही. एक आकडा बीज म्हणून द्यायचा. भाषा एक सोडत काढते आणि पुढच्या सोडतीसाठी नवं बीज हातात देते. पहिल्या चाचणीत बाईसाहेब नवं बीज घ्यायलाच विसरल्या, जुनंच देत राहिल्या. बेचाळीस जण एकाच बसवर! चूक सुधारून तिनं खरी यादी लावली, आणि हॉर्नला मिळाली सकाळी दहाची आरामाची ड्युटी.

झालं! डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर मिशीवाले काका अख्खी फौज घेऊन तिच्या टेबलाशी.

“मॅडम, पुन्हा चालवा.”

तिनं चालवलं. तीच यादी.

“बघा! आधीच ठरलेलं!”

“तेच बीज दिलं की तेच येणार, काका. कुणीही चालवून बघा. मला मधे बोट घालताच येत नाही.”

“मधे नाही हो. पण बीज कुणी निवडलं? घरी बसून शंभर चालवली असतील, नवरोबांच्या सोयीचं तेवढं ठेवलं!”

डेपोचे साहेब दारातच उभे होते. उत्तर नसेल तर वाटप उद्यापासून त्यांच्या हातात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“हे मात्र बरोबर बोललात,” ती म्हणाली. “बीज माझं नकोच. आता फाटकातून येतील त्या पहिल्या तीन बस. त्यांच्या मीटरवरच्या किलोमीटरचे शेवटचे दोन-दोन आकडे आणा.”

काका स्वतः धावले. आकडे तिनं फळ्यावर मोठ्ठे लिहिले आणि बटण साहेबांनाच दाबायला लावलं. दहाची ड्युटी आली काकांना. ते मिशीतल्या मिशीत हसले. हॉर्नला पहाटे साडेचारची.

“अगं, एकदा पुन्हा चालव ना!” हॉर्न कळवळला.

“शंभरदा चालवते. तेच येईल.”

खुर्ची तिचीच राहिली. या महिन्यात पहाटे साडेतीनला वर गजर वाजतो आणि खाली आम्ही उठतो. हॉर्न तेवढा उठत नाही. त्याला ती उठवते, रोज त्याच दोन शब्दांत, “साडेतीन वाजले!”, आणि रोज तेच उत्तर येतं, “पाच मिनिटं!”