फाटकावरचे दगड

अपमान माझ्या आईचा झाला. कोयनेचा भूकंप झाला त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, मुरबे गावात, नारळीच्या वाडीवाल्या तात्यांच्या ओटीवर. ओटीवर नव्हे. ओटीखाली, उन्हात. कोळणींनी वर यायचं नाही, मासळीचा वास लागतो. त्याच मासळीचं कालवण आत चुलीवर रटरटत होतं.

मी वर होते. सातवी पास म्हणून. पालघरच्या कचेरीतून पत्रक आलं होतं, ते वाचून दाखवायला. जड वस्तू डोक्यावरच्या जागी ठेवू नका. जमीन हलली की मोकळ्या जागेत जा.

आईनं खालून विचारलं, "तात्या, मोकळी जागा म्हंजे तुमची वाडीच. त्या पहाटं भांडी वाजली, आमी पोरं घेऊन धावलो, तर फाटकाला कुलूप. भरती होती. पुढं पाणी, मागं तुमचं कुलूप. आमी जायाचं कुठं?"

"पाण्यातच जा की! तुम्हाला पोहता येतं ना, बाय?" तात्या म्हणाले. "आणि कुडाच्या झोपड्या तुमच्या. पडल्या तर पुन्हा उभ्या करा. माझ्या नारळीत बोंबलाचा वास नको."

ओटी हसली.

मीही हसले. हे लिहिताना हात थांबतो, तरी लिहिते. मी हसले, कारण मला वर बसायचं होतं.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. टोपली उचलली आणि निघाली.

घरी आले तर ती माळ्याकडे बघत उभी. माळ्यावर जादा जाळी आणि जाळ्यांना बांधायचे दगड. एकेक दोन हातांनी उचलावा असा. बाहेर ठेवले तर वाळूत रुततात, म्हणून अख्खा कोळीवाडा ते माळ्यावर ठेवतो. खाली पोरं झोपतात. मरण डोक्यावर रचून आम्ही झोपत आलो.

"आता माज्यासाठी वाच," आई म्हणाली. "पयल्यापासून."

वाचलं. मग दारोदार वाचलं. दुपार कलेपर्यंत घराघरातले दगड खाली उतरले. एवढे दगड ठेवायचे कुठं?

"मला ठाव हाय," आई म्हणाली.

आईसकट आम्ही चौघींनी तात्यांच्या वाडीचं फाटक बिजागऱ्यांवरून उचललं, जमिनीवर आडवं टाकलं. त्यावर दगड रचले. कुलूप कडीत तसंच.

तात्या धावत आले. "पोलिसात देईन एकेकीला!"

"द्या," आई म्हणाली. "त्यास्नी बी ह्याच वाटंनं आणा. उघडीच हाय."

"आन् वास आला तर नाक धरा," शेजारची काकू म्हणाली. या वेळी आम्ही हसलो.

त्या ओटीवर मी पुन्हा चढले नाही. चढणार नाही. आणि ते फाटक आम्ही पुन्हा उभं राहू देणार नाही.

तू, हे वाचणारा. तुझ्या माळ्यावर काय आहे ते आत्ता उठून बघ. उतरव. आणि तुझी वाडी असेल, फाटकाला कुलूप असेल, तर आजच काढ. आम्ही दगड घेऊन येण्याआधी.