जनकाबाईच्या घराची पाळी

आमच्या गावाबाहेर, औंढ्याच्या रस्त्याला, अणुवीज प्रकल्पाच्या फाटकासमोर एक मांडव आहे. नऊ वर्षं झाली त्याला. सुरुवातीला पुढारी आले, भाषणं झाली, फोटो निघाले. मग पुढारी पांगले आणि बाया उरल्या. मांडव एक दिवस जरी रिकामा दिसला तरी सरकारी माणसं तो उचलून नेतील, म्हणून नियम झाला. रोज काही घरांची पाळी, प्रत्येक घरातून एक माणूस. प्रकल्प अजून कुंपणापुढे सरकलेला नाही, त्याचं श्रेय मी तरी या बायांनाच देतो.

त्यांतली जनकाबाई मला फार आवडते, लपवायचं कशाला? पहिल्या दिवसापासून ती तिथं आहे. पाळी नसली तरी येते. अणुभट्टी झाल्यावर विहिरीचं पाणी लेकरांना कोणत्या भरवशावर पाजायचं, एवढाच तिचा सवाल. त्याला अजून कोणी धड उत्तर दिलेलं नाही.

गेल्या वर्षी मात्र पंचाईत झाली. तिचा नवरा जळबा हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायचा. त्याची कंबर गेली. बसून करायचं काम शोधता शोधता मिळालं ते नेमकं याच फाटकावर, वॉचमनचं. नवरा फाटकात, बायको समोरच्या मांडवात. घोषणा देताना ती फाटकाकडे पाठ करायची. विचारलं तर म्हणे, "घरच्या मानसाला चालता हो कसं म्हनू?"

आम्ही हसलो. गंगूताई हसल्या नाहीत. मांडवाचा कारभार त्या बघतात. बाई सरळ, पण जिभेला धार. एके दिवशी सगळ्यांदेखत त्यांनी सुनावलं, "जनकाबाई, ज्या घरात प्रकल्पाचा पगार येतो, त्या घराची पाळी आपल्याला ठेवता येणार नाही. पुढच्या पाळीपर्यंत काय ते ठरवा." मला त्यांचा राग आला, पण त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना.

जनकाबाईनं घरी चकार शब्द काढला नाही. जळबाची कंबर रोज तीच शेकायची. त्याला काम सोडा म्हणणार कसं? मांडवच सोडायचा, असं तिनं मनाशी ठरवलं. पण गावात गोष्ट लपते थोडीच? जळबाला ती चहाच्या टपरीवर कळली होती.

पाळीच्या दिवशी ती तापानं फणफणली. तरी दुपारी कशीबशी उठून निघाली, म्हणाली, मांडव सोडायचा तर सगळ्यांना सांगून सोडावा.

मांडवात तिच्या जागेवर जळबा बसला होता. अंगात अजून वॉचमनचा निळा शर्ट. सकाळीच फाटकाची किल्ली साहेबाच्या हातात ठेवून आला होता. गंगूताई त्याच्या पाठीला टेकू म्हणून घोंगडीची घडी करत होत्या.

"तुमी इथं काहून?" जनकाबाईनं विचारलं.

"आज आपल्या घराची पाळी हाय."

ती रडता रडता भांडायलाच लागली, "आता दुसरं काम कोन देनार तुमाला? मी कवा म्हनले व्हते, नोकरी सोडा म्हनून?"

"वरीस झालं, तू तोंडातून शब्द काढला न्हाईस," जळबा म्हणाला. "म्हनून तर आलो."